शेतवाटेवरची मोटारसायकल : टायर कोणते, कवच कोणते?



आमच्या गावचा सुतार बैलगाडीचे चाक करायला घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारी, "गाडी चालायची कुठं?" रान काळे की मुरमाड, वाटेत ओढा आहे की चढ, ओझे कडब्याचे की उसाचे, हे ऐकल्यावरच तो लाकडाला हात लावी. आता बैलगाड्या कमी झाल्या आणि घरटी मोटारसायकल आली. पण टायर घेताना हा प्रश्न दुकानदार विचारीत नाही आणि आपणही विचारीत नाही. "चांगल्यातला द्या" म्हणून मोकळे होतो. चांगला टायर कोणता, हे कंपनीच्या नावावरून ठरत नाही. ते तुमच्या वाटेवरून ठरते.

मी शेतकी खात्यातला माणूस. बी.एस्सी. करून नोकरीला लागलो त्याला तीस वर्षे होत आली. त्यातली निम्मीअधिक दुचाकीच्या सीटवर गेली असे म्हटले तरी चालेल. सुरुवातीची वर्षे यवतमाळकडच्या काळ्या रानात, पुढची नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात. मी काही मेकॅनिक नव्हे. पण माती हा माझा विषय आहे, आणि टायर हे मातीशी गाठ घालणारे अवजारच आहे. नांगराचा फाळ आणि कुळवाची पास जशी रान पाहून निवडायची, तसाच टायरही निवडायचा.

अलीकडे ‘ड्युअल स्पोर्ट’ म्हणून मोटारसायकली मिळू लागल्या आहेत. डांबरी रस्ता आणि रानवाट, दोन्हींवर चालाव्यात अशा बेताने त्या केलेल्या असतात. आपल्याकडे हिरोची इम्पल्स २०११ साली आली आणि काही वर्षांत बंद झाली. २०१६ साली रॉयल एनफील्डची हिमालयन आली आणि २०१९ साली हिरोची एक्सपल्स २००. यांचे पुढचे चाक मोठे असते. एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, आणि जमिनीपासून इंजिनाखालची मोकळी जागा २२० मिलिमीटर आहे. नेहमीच्या शंभर सीसी गाडीची ही जागा साधारण १६५ मिलिमीटर भरते. हा वीतभरही नसलेला फरक ओढ्यातल्या गोट्यावर गाडी चढली की कळतो. मात्र ही गाडी प्रत्येकाने घ्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. ती वजनाने जड असते, सीट उंच असते आणि तेलही जास्त पिते. ज्याचे रान सडकेला लागून आहे त्याने आपली साधीच गाडी बरी समजावी. पुढे जे सांगतो आहे त्यातले बरेचसे साध्या गाडीलाही लागू पडते.

आता मातीकडे वळू. काळी भारी जमीन पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिच्यातल्या चिकण कणांचा तो गुणधर्म आहे. आपण वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, कारण वाफशाच्या आधी ती अवजाराला लोण्यासारखी लिंपते. टायरलाही ती तशीच लिंपते. चाक फिरते तसा चिखलाचा एकेक थर चढत जातो, टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरते आणि चाक जाम होते. मागचे जाम झाले तर इंजिन ओढत राहते आणि क्लचप्लेट जळते. पुढचे जाम झाले तर गाडी उलटून माणूस तोंडावर पडतो. यवतमाळकडे असताना जून-जुलैत खिशात पेन असो-नसो, गाडीला एक पळसाची काठी बांधलेली असायचीच, चिखल उकरायला. गावातली पोरे हसायची. मग त्यांची गाडी अडली की काठी मागायला यायची.

अशा रानात टायरवरची नक्षी खोल असून भागत नाही, ती विरळही असावी लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरकडे पाहा. त्याच्या तिरप्या कडांमध्ये भरपूर मोकळी जागा ठेवलेली असते, ती चाक फिरताना चिखल फेकला जावा म्हणून. मोटारसायकलच्या बटन टायरचेही तसेच आहे. बटने मोठी आणि दूरदूर असतील तर चिखल सुटतो. बारीक आणि दाट असतील तर ती दोन फेऱ्यांत बुजतात, आणि मग तुमचा नवाकोरा टायर गुळगुळीत टायरासारखाच घसरतो. त्याच कारणाने काळ्या रानात रुंद टायर घालू नये. हल्ली तरुण पोरांना मागचा टायर जाड दिसायला हवा असतो. तो चेनला घासतो, चिखलाला वाट उरत नाही, तेल जास्त लागते. कंपनीने दिलेल्या मापापुढे जाऊ नका. आणि टायर बसवल्यावर मडगार्डच्या आत बोट घालून चाक हाताने फिरवून पाहा. बोट मोकळे फिरले पाहिजे.

सुरगाण्याकडची गोष्ट वेगळी. तिथे लाल माती, मुरूम, आणि चढउतारावर सुटी खडी. चिखल चिकटत नाही, पण उतारावर पायाखालचे दगड गोट्यांसारखे निसटतात. अशा वाटेला फार विरळ बटने नकोत. मध्यम खोलीची, चौकोनी ठोकळ्यांची नक्षी बरी. धारदार काळ्या पाषाणाचे दगड टायरची बाजू कापतात, म्हणून तिथे टायरची बाजू जाड आहे की नाही ते अंगठ्याने दाबून पाहावे. दुकानदाराला ते आवडत नाही. आपण पाहावे.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. तुमची गाडी आठवड्यातून किती मैल रानात चालते आणि किती डांबरावर? एकदा मोजून पाहा. दूध, बाजार, तालुका, सोयरीक, मुलांची शाळा असे सगळे धरले तर बहुतेकांचे बारा आण्यांहून जास्त चालणे डांबरावर निघते. पूर्ण बटनाचा टायर डांबरावर लवकर झिजतो, आवाज करतो, आणि पावसाने ओल्या झालेल्या डांबरावर ब्रेक मारला की कमी पकडतो, कारण रस्त्याला टेकते ते थोडेसेच रबर. म्हणून माझा सल्ला असा : वर्षाचे बाराही महिने ज्याला चिखलातून जावे लागते त्यानेच पूर्ण बटन घ्यावे. बाकीच्यांनी मध्यम नक्षीचे, दोन्हीकडे चालणारे टायर घ्यावेत आणि पावसाळ्यात जरा सांभाळून चालवावे.

आणखी एक वाईट रीत मला जागोजागी दिसते. पैसे कमी पडले की लोक मागचा टायर नवा घेतात आणि पुढे जुनाच ठेवतात. मागचा घसरला तर गाडी शेपूट हलवते, बहुतेक वेळा सावरता येते. पुढचा घसरला तर सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा काटकसर करायचीच तर पुढच्या टायरवर करू नका.

टायरच्या बाजूवर जे आकडे असतात ते वाचायला शिका. युरियाच्या गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ वाचता ना, तसेच. ९०/९०-२१ म्हणजे ९० मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ९० टक्के उंची आणि २१ इंची रिंग. जुन्या पद्धतीत २.७५-१८ लिहितात; ती रुंदी इंचात असते. त्यापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ४२ पी किंवा ४८ पी. हा आकडा ओझ्याचा. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

ओझ्याशी मात्र आहे. साध्या गाडीचे वजन ११२ किलो धरा, त्यातले निम्मे मागच्या चाकावर, म्हणजे ५६. चालवणारा ६५ किलोचा, त्याचे ४० किलो मागे. मागे बसलेली कारभारीण ५५ किलोची आणि २०१८ पासून ४५ किलोची झालेली युरियाची गोणी, ही दोन्ही ओझी जवळजवळ सगळी मागच्या चाकावरच. बेरीज १९६ किलो. म्हणजे ४८ आकड्याचा टायरसुद्धा ओझ्याखाली गेला, आणि ही तर सपाट रस्त्यावरची बेरीज. खड्ड्यात आपटल्यावर काय होत असेल त्याचा विचार करा. गोणी आणि माणूस एकाच खेपेत आणू नये हे मी मीटिंगमध्ये सांगतो तेव्हा लोक माना डोलावतात आणि बाहेर पडून तेच करतात.

टायरवर चार आकड्यांचा आणखी एक शिक्का असतो. २३२४ असे असेल तर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तो तयार झाला. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहता तशी ही पाहा. रबर पडून राहिले तरी कडक होते. बाजूवर बाणही असतो. चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. पंक्चर काढल्यावर घाईत चाक उलटे बसवलेले मी अनेकदा पाहिले आहे. बटनांच्या खाचेत एक बारीकसा उंचवटा असतो, टायर झिजून त्याला टेकला की तो टायर संपला समजावे. मग त्यावर गोठ्यातली कामे करा, रस्त्यावरची नको.

पंक्चरचा त्रास आपल्याकडे बाभळीच्या काट्यांपेक्षाही धसकटांनी होतो. विळ्याने तिरपे कापलेले ज्वारीचे धसकट वाळले की खिळ्यासारखे टोचते. तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या खुंटांचेही तेच. रान मोकळे दिसले म्हणून त्यात गाडी घालू नका, बांधाने जा. तारांच्या चाकाला बहुधा ट्यूब लागते. नवा टायर घेताना ट्यूबही नवी घ्या आणि रिंगवरची रबरी पट्टी तपासा. जुना टायर परत चढवण्यापूर्वी आतून फडके फिरवा. कुठे अडले तर तिथे काटा आहे. नुसता हात फिरवू नका. २१ इंची ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही, ती आपल्या डिकीत असावी. अडीअडचणीला ती १८ इंची मागच्या चाकातही घडी करून घर गाठण्यापुरती चालते.

हवा किती पौंड, हे चेनजवळच्या किंवा सीटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. मागे माणूस असेल तर मागच्या चाकाची वेगळी असते. सकाळी टायर थंड असताना मोजावी. चिखलात थोडी हवा कमी केली तर टायर पसरून जास्त पकडतो, हे खरे आहे. पण ट्यूबच्या टायरमध्ये फार कमी केली तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबची नळी मुळापासून फाटते, किंवा दगडावर आपटून ट्यूब रिंगखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. तेव्हा दोन-चार पौंडांपलीकडे जाऊ नये, आणि सडकेला लागताच पंपाने पुन्हा भरून घ्यावी.

आता कवचांविषयी. दुकानात गेलात तर लोखंडाचे इतके प्रकार दाखवतात की गाडीपेक्षा साजच जड व्हावा. मला त्यातले थोडेच उपयोगाचे वाटतात. इंजिनाखालचा पत्रा मात्र हवाच. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर दगड असतात. त्यातला एक इंजिनाच्या तळाला लागून तेल सांडले तर रानातून गाडी ढकलत आणावी लागते. ॲल्युमिनियमचा पत्रा हलका आणि गंजत नाही. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी करून घेतला तरी चालेल, मात्र तो चेसिसला अडकवावा, इंजिनाच्या बोल्टांना नव्हे. त्याला तेल सोडायच्या बोल्टासमोर भोक आणि वारा खेळायला फटी ठेवाव्यात. पत्र्यामागे चिखल वाळून बसला तर इंजिन तापते, म्हणून गाडी धुताना तिथे पाण्याचा पाइप धरावा.

लेगगार्ड घ्यायचा तर जाड नळीचा आणि वर-खाली दोन्हीकडे आवळलेला. बाजारात मिळणारे पोकळ, चकचकीत लेगगार्ड पडल्यावर वाकून पायावरच येतात. हाताचे कवच बाभळीच्या फांद्यांपासून बोटे वाचवते. पण आत धातूची पट्टी असेल तरच पडल्यावर क्लचचा दांडा वाचतो, नुसते प्लास्टिक असेल तर नाही. ते घेणे जमत नसेल तर क्लचचा आणि ब्रेकचा एकेक जादा दांडा सीटखाली ठेवावा. हेडलाइटपुढची जाळी मला पसंत नाही, रात्रीचा उजेड आधीच कमी असतो. पुढचे उंच मडगार्ड मात्र काळ्या रानात सोन्यासारखे. अंगावर चिखल उडतो, कपडे धुतले की जातो. पण चाक जाम होत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. माझी थोरली बहीण संगमनेर तालुक्यात दिली आहे. १९९८ च्या पावसाळ्यात भाऊजींच्या मागे बसून ती बाजाराहून येत होती. गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने मागच्या चाकाचे साडीगार्ड काढून टाकलेले होते. वाऱ्याने पदर सुटला, चाकात गेला, आणि एका क्षणात ती रस्त्यावर. गळ्याशी फास बसला नाही, खांद्याचा पिन तुटला, म्हणून ती आज आहे. गळ्याखालचे हाड मोडले, डावा हात मोडला. पेरणीचे दिवस, घरात दोन लहान मुले आणि गोठ्यात चार जनावरे. आमची म्हातारी आई दोन महिने तिकडे जाऊन राहिली. ताईचा तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायची तर मान खाली घालावी लागते.

तिचा मुलगा, माझा भाचा, गेल्या वर्षी अशीच एक ड्युअल स्पोर्ट गाडी जुनी घेऊन आला. त्याचे रान ओढ्यापलीकडे, सडकेपासून चार किलोमीटर आत. पहाटे दुधाचे कॅन घेऊन डेअरी गाठायची असते, म्हणून गाडी घेतली ते योग्यच केले. मला दाखवायला आणली आणि म्हणाला, "मामा, टायर कोणते घालू? तुम्ही म्हणाल ते घालतो."

मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "साडीगार्ड कुठं आहे रे?"

"काढलेलंच होतं. अशा गाडीला शोभत नाही ते. आणि मागं बसतंय कोण? कॅनच असतात."

"तुझी आई दवाखान्यात कशानं जाते?"

तो गप्प राहिला. ताई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

बंधूंनो, हे काही माझ्या मनाचे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा, आणि कपडा अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे कवच असलेच पाहिजे. नव्या गाडीला ते असते, आपण काढून टाकतो. शिवाय या गाड्यांची चेन बहुधा उघडीच असते. आपल्या साध्या गाडीसारखे बंद चेनकव्हर नसते. त्यामुळे पदर, ओढणी, धोतराचा सोगा, कॅन बांधायची दोरी, यातले काहीही ओढले जाऊ शकते. बायका एका बाजूला पाय सोडून बसतात त्यांना खाली पाय ठेवायला पट्टी हवी, आणि ही सीट उंच असल्याने ती पट्टी चढायलाही लागते. भगिनींनो, तुम्हीही बसण्यापूर्वी पदर कमरेला खोचा आणि चाकाकडे एकदा बघून घ्या. चाक उघडे दिसले तर "आधी हे लावा" म्हणायला संकोच कसला?

डोक्याचे कवच तर दोघांनाही हवे, कायद्याने आणि अकलेनेही. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय विकायला बंदी आहे. तरी रस्त्याकडेला टोपल्यात मांडलेली हलकी टोपरी अजून दिसतात. ती उन्हापासून वाचवतील, दगडापासून नाही. शिक्क्याजवळ आयएस ४१५१ हा आकडा पाहून घ्यावे, डोके हलवून ते सैल फिरत नाही ना ते पाहावे, आणि पट्टा लावावा. हँडलला अडकवलेले हेल्मेट काही कामाचे नाही.

भाच्याने दुधाच्या बिलातून दर दहा दिवसांनी एकेक वस्तू घेतली. पहिल्या बिलातून साडीगार्ड, पाय ठेवायची पट्टी आणि धरायची मूठ. चेनवरचे झाकण त्याच्या गाडीचे तयार मिळेना, ते तालुक्याच्या वेल्डरकडून पत्र्याचे करून घेतले. दुसऱ्यातून ताईसाठी हेल्मेट. ते घालून ती आरशासमोर गेली आणि "ही कुठली पोलीसबाई" म्हणून हसत सुटली. तिसऱ्यातून पुढचा टायर, मध्यम नक्षीचा, आणि एक जादा ट्यूब. मागचा टायर अजून एक पावसाळा जाईल असे पाहून तो तसाच ठेवला. इंजिनाखालचा पत्रा आधीपासून होता, फक्त त्याचे दोन बोल्ट गळाले होते, ते घातले. पट्टीवर पाय देऊन ताई आता चढते, "घोडीवर बसल्यावाणी वाटतं" म्हणते, आणि भाचा गाडी सुरू करण्यापूर्वी मागे हात नेऊन तिचा पदर स्वतः चाचपतो. हाताचे कवच त्याने अजून घेतलेले नाही. दिवाळीनंतर गाय व्याली की घेईन म्हणतो. तोवर बांधावरच्या बाभळीच्या फांद्या छाटून घे, असे मी त्याला सांगितले आहे.